तणाव्याची जाडी

लातूरहून एका ताईंचे चार पानी पत्र आले आहे. चिरंजीव अकरावीला आहेत, विज्ञान शाखेत. अभ्यास बरा चालला आहे, पण जीव सगळा पुठ्ठा, कात्री आणि फेविकॉलमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पहिल्या महायुद्धातले एक दुपंखी विमान पुठ्ठ्याचे केले आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडले. परीक्षक आले, वाकून पाहिले, आणि दोन पंखांमधल्या पांढऱ्या दोऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे कशाचे दोरखंड?" मुलगा गप्प राहिला. नंबर आला नाही. घरी आल्यावर वडील म्हणाले, हे माळ्यावर टाक आणि पुस्तक उघड. वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून भरून त्यांनी दोन मुलांची शिक्षणे चालवली आहेत. त्यांचा राग मी समजू शकतो. लातूर पॅटर्नच्या गावात अकरावीच्या मुलाने पुठ्ठा कापत बसावे, हे कोणत्या बापाला रुचेल?

ताईंचे प्रश्न दोन आहेत. हा नाद सोडायला लावावा का, हा पहिला. आणि दुसरा, मुलाने आईकरवी विचारलेला: धागा नेमका किती जाड घ्यायचा? पहिल्या प्रश्नावर मोठ्या माणसांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मी दुसऱ्याचे उत्तर देतो. ते यजमानांनाही वाचून दाखवावे, कारण निम्मे उत्तर त्यांच्याच दुकानात आहे.

आधी विमानाविषयी दोन शब्द, कारण मुलाने निवडलेले विमान ऐरेगैरे नाही. त्याचे नाव डी.एच.९ए. १९१८ साली ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला ही विमाने मिळाली, आणि ती विमाने हैदराबादच्या निजामाने भेट दिलेली होती. तसा मजकूर प्रत्येक विमानावर रंगवलेला असे. तुकडीला पुढे 'हैदराबाद' हेच नाव चिकटले. तेव्हा आपला नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्याच राज्यात होता, आणि निजामाच्या खजिन्यात रयतेचा सारा जायचा हे वेगळे सांगायला नको. ज्वारी-कापसाच्या रानातून उठलेला पैसा कुठे कुठे गेला, याचा हिशेब कोणी आपल्या आजा-पणज्यांना दिला नाही. १९१८ च्या सप्टेंबरात ही विमाने फ्रान्समधून उडून जर्मनीवर बॉम्ब टाकत होती. त्यातले एफ १०१० क्रमांकाचे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती लागले. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते पूर्वेकडे हलवले गेले, पुढे पोलंडमधल्या क्राको शहरी राहिले, आणि १९७७ मध्ये लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे परत आले. आपल्यापैकी किती जण लंडनला जाऊन ते पाहणार? म्हणजे लातूरच्या त्या घरात, माळ्यावर जायच्या बेतात असलेले पुठ्ठ्याचे विमान हेच या भागातल्या माणसाला पाहायला मिळणारे विमान. ते खरे दिसले पाहिजे. परीक्षकाचे बोट जिथे गेले, तिथेच ते खोटे दिसत होते.

आता तारांकडे येऊ. दोन पंखांमध्ये उभे खांब असतात आणि त्या खांबांच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या तारा ताणलेल्या असतात. मांडवाला आपण तणावे देतो ना, तसेच हे तणावे. मी या लेखात तोच शब्द वापरणार आहे. मांडवाचा तणावा वाऱ्यात मांडव उडू नये म्हणून असतो. विमानाचा तणावा पंख मोडू नये म्हणून. त्या काळी पंखाचा सांगाडा लाकडाचा आणि वर कापड ताणलेले. एकच पातळ पंख दोन टन वजन उचलू शकला नसता. दोन पंख एकावर एक ठेवून खांब आणि तिरप्या तारांनी जखडले की सगळे मिळून रेल्वेच्या पुलासारखी एक कैची तयार होते. लाकूड दाब सोसते, तार ओढ सोसते.

यातल्या सगळ्या तारा सारख्या कामाच्या नसतात, आणि म्हणून सारख्या जाडीच्याही नसतात. हे कळले की निम्मे काम झाले. विमान हवेत असते तेव्हा पंख वर उचलले जाऊ पाहतात. त्यांना खाली धरून ठेवणाऱ्या तारा विमानाच्या धडापासून, खालच्या पंखाच्या मुळाशी निघतात आणि बाहेर वरच्या पंखाकडे चढत जातात. यांना इंग्रजीत फ्लाइंग वायर म्हणतात. विमान वळताना किंवा सूर मारून वर येताना त्यांच्यावर विमानाच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. म्हणून त्या सर्वांत दणकट, आणि पुष्कळ विमानांत जोडीजोडीने लावलेल्या असतात. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. विमान जमिनीवर उतरले की उलटे होते. पंख स्वतःच्या वजनाने खाली लोंबू पाहतात, आणि वरून मध्यापासून बाहेर खालच्या पंखाकडे उतरणाऱ्या तारा त्यांना तोलून धरतात. त्या लँडिंग वायर. त्यांना फक्त पंखांचा भार आणि उतरतानाचा दणका सोसायचा असतो, म्हणून त्या बहुधा एकेरी आणि जरा बारीक. तिसऱ्या तारा म्हणजे शेपटीकडे आणि पंखाच्या झडपांकडे जाणाऱ्या, वैमानिकाच्या हातापायांचा हुकूम पोचवणाऱ्या. त्या पिळाच्या, गोल आणि सर्वांत बारीक. चिरंजीवांनी तिन्ही ठिकाणी एकच धागा लावला आहे, असे पत्रासोबतच्या फोटोत दिसते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी नवख्याला माहीत नसते. ब्रिटिशांनी त्या युद्धात पंखांच्या मुख्य तारा गोल ठेवल्या नाहीत. गोल तार वाऱ्याला फार अडते. त्यांनी ती चपटी केली, दोन्ही कडा निमुळत्या, मसुरीच्या डाळीसारखा छेद असलेली. जाडीच्या सुमारे चौपट रुंद. ती वाऱ्यात पात्यासारखी धार पुढे करून उभी असते. म्हणून बाजूने पाहिले तर तार रुंद दिसते आणि समोरून पाहिले तर जवळजवळ दिसतच नाही. जर्मन विमानांत मात्र गोल पीळदार दोरतारा असत आणि त्या कसायला मळसूत्री जोड. विमान कुणाचे, हे पाहूनच धागा निवडायचा.

मग हिशेब. सोपा आहे, चौथीच्या मुलाला जमेल. खऱ्या तारेच्या जाडीला प्रतिकृतीच्या प्रमाणाने भागायचे. डी.एच.९ए चे पंख टोकापासून टोकापर्यंत १४ मीटर. मुलाने १/४८ प्रमाण घेतले आहे, म्हणून त्याचे विमान २९ सेंटिमीटरचे झाले. उदाहरणापुरते धरू की मुख्य तार ८ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड आहे. ८ भागिले ४८ म्हणजे ०.१७ मिलिमीटर. २ भागिले ४८ म्हणजे ०.०४. तार बाजूने ०.१७ दिसायला हवी आणि समोरून ०.०४. असा चपटा धागा आपल्याला कुठे मिळणार? मग गोल धागा घ्यायचा तर मधला आकडा धरायचा, ०.१० ते ०.१२. झडपांकडे जाणारी गोल तार ३ मिलिमीटरची धरली तर ती ०.०६ पडते.

पण मला विचाराल तर भागाकारापेक्षा उलटा गुणाकार जास्त उपयोगी. हातातल्या धाग्याची जाडी मोजा, तिला ४८ ने गुणा, आणि आलेली तार खऱ्या विमानावर डोळ्यांपुढे आणा. शिलाईचा साधा धागा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. ०.२५ गुणिले ४८ म्हणजे १२ मिलिमीटर. करंगळीएवढी तार झाली. ताई लिहितात की मुलाने धागा मजबुतीसाठी दुहेरी पिळून लावला. अर्धा मिलिमीटर गुणिले ४८ म्हणजे २४ मिलिमीटर. आपल्या घरात येणारा अर्धा इंची नळाचा पाइप बाहेरून जेवढा असतो, त्याहून जाड! चाळीस-पन्नास असे पाइप लावलेले विमान जमिनीवरून उठले नसते. परीक्षकाने 'दोरखंड' म्हटले ते खवचटपणे असेल, पण त्याचा डोळा बरोबर होता.

डोळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपण अशी प्रतिकृती हातभर अंतरावरून, साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. १/४८ च्या हिशेबाने ते खऱ्या विमानापासून १४ मीटरवर उभे राहण्यासारखे झाले. रस्त्यापलीकडच्या खांबावरची बारीक केबल आपल्याला दिसते कशी? असते म्हणून कळते, आभाळावर रेघ उमटते, पण तिची जाडी जाणवत नाही. प्रतिकृतीचा तणावा तसाच हवा. आधी विमान दिसावे, मग पंख, मग खांब, आणि नजर स्थिरावली की हळूच तारा. पहिल्या नजरेत तारा दिसल्या की त्या जाड आहेत असे खुशाल समजा. हल्ली प्रत्येक घरात मोबाइल आहे. त्यावर फोटो काढा आणि घरातल्या कुणालाही दाखवून विचारा, आधी काय दिसले? म्हणून माझा नियम असा की नेमका आकडा मिळाला नाही तर एक पायरी बारीक घ्यावे, जाड कधीही घेऊ नये. बारीक तार डोळा स्वतः पूर्ण करून घेतो. जाड तार त्याला पुसता येत नाही.

जाडी मोजायची कशी? अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज असते, ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणारे. मुले त्यावर वर्षातून एकदा तारेचा तुकडा मोजतात, वहीत तक्ता काढतात, आणि परीक्षा झाली की विसरतात. गरज म्हणून एखादी वस्तू मोजायला त्यातला कोणी जातो का? हा मुलगा जाईल. शिवाय यजमानांच्या दुकानात मायक्रोमीटर असणारच. जळालेल्या मोटारीची जुनी तार कितीची होती हे मोजल्याशिवाय नवी कशी भरणार? दोन्ही नसेल तर पेन्सिलीवर धाग्याचे २० वेढे एकमेकांना चिकटून घ्यावेत, पट्टीने रुंदी मोजावी आणि २० ने भागावे. वेढे दाबू नयेत, विरळही ठेवू नयेत.

आता मुख्य मुद्दा, यजमानांचा. रिवाइंडिंगची एनॅमलची तांब्याची तार गेजवर विकली जाते. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. ३६ नंबरची तार ०.१९ मिलिमीटर, ३८ ची ०.१५, ४० ची ०.१२, ४२ ची ०.१०, ४४ ची ०.०८ आणि ४६ ची ०.०६. हे आकडे उघड्या तांब्याचे. वरच्या एनॅमलने जाडी किंचित वाढते, म्हणून मायक्रोमीटर लावूनच घ्यावे. आता आपला हिशेब पुन्हा काढा. मुख्य तणाव्याला ०.१२ हवे होते: ४० नंबर. गुणून पाहा, खऱ्या विमानावर सहा मिलिमीटरची तार होते. लँडिंग वायरला ४२ नंबर. पंपाच्या मोटारीची तार याहून खूप जाड असते, पंख्याचीही जाडच पडेल. पण छोटे ट्रान्सफॉर्मर, रिले, जुनी घड्याळे यांच्या गुंडाळ्यांत ४० च्या पुढची तार सापडते, आणि ती कुठल्या भंगारात आहे हे यजमानांइतके कोणाला ठाऊक असणार? थोड्याशा तारेत पंखांचे काम भागते. विकत घ्यायचीही गरज नाही.

तांब्याच्या तारेचा मोठा गुण असा की ती ओढून बांधावी लागत नाही. दोरा लावला की तो ताठ दिसण्यासाठी ओढावा लागतो, आणि दहा-बारा दोऱ्यांची ओढ मिळून पुठ्ठ्याचा पंख वाकवते. पत्रातल्या फोटोत डावा पंख टोकाशी खाली गेला आहे तो याचमुळे असावा. तार मात्र जागच्या जागी कापून चिकटवता येते. एक टोक पकडीत घट्ट धरायचे, दुसरे टोक पक्कडीने हळूच ओढायचे. तार किंचित लांबल्यासारखी वाटली की थांबायचे. ती सुतासारखी सरळ आणि थोडी कडक होते. कंपासपेटीतल्या कर्कटकाने खांबाच्या मुळापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत अंतर घ्यायचे, तेवढाच तुकडा कापायचा, टोकाला सुईच्या अग्राएवढे फेविकॉल लावून बसवायचा. तुकडा केसभर मोठा झाला तर तो बाकदार होतो आणि लगेच डोळ्यात भरतो. तो काढून दुसरा घ्यावा, आपल्याकडे तार भरपूर आहे.

तांब्याचा तांबूस रंग लपवायला हवा. कापण्यापूर्वीच अख्ख्या तारेवर राखाडी रंगाचा पातळ हात द्यावा. पातळ हे महत्त्वाचे. रंगाचा दाट थर सहज ०.०२ मिलिमीटर चढतो, दोन्ही बाजूंनी ०.०४, आणि ४८ ने गुणले की दोन मिलिमीटरची भर पडते! इतक्या मेहनतीने शोधलेली जाडी रंगात घालवू नये. पूर्ण काळा रंग नको, काळे जाड दिसते. पांढरा तर मुळीच नको.

नांदेडला मी या निमित्ताने वजिराबादच्या बाजारात चक्कर मारली. लातूरला गंजगोलाईत हेच मिळेल. मासेमारीचा तंगूस मिळाला. गोदावरीकाठचे गाव, इथे तो नसता तरच नवल. पाकिटावर जाडी छापलेली असते ही त्याची सोय. पण सहज मिळाला तो ०.२० आणि ०.२५ चा, म्हणजे १/४८ ला ९.६ आणि १२ मिलिमीटर. शिवाय तो चकाकतो, आणि नायलॉन हवेतला ओलावा पितो. पावसाळ्यात लांबून सैल पडतो, उन्हाळ्यात ताणतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात पुठ्ठ्याच्या पंखांवर असा आवळणारा धागा मी लावणार नाही. फॉल-पिकोवाल्यांकडे पारदर्शक नायलॉनचा बारीक धागा कधी कधी मिळतो, तो बराच बरा. परदेशात खास प्रतिकृतीवाल्यांसाठी रबरासारखा ताणणारा बारीक धागा विकतात, इंटरनेटवरून मागवता येतो. पंख वाकवत नाही, बोट लागले तरी परत जागेवर येतो. पैसे असतील त्यांनी घ्यावा.

मुले रिकामी रिफिल मेणबत्तीवर तापवून ओढतात आणि केसासारखा धागा काढतात. खेळ चांगला आहे, पण धागा कुठे जाड कुठे बारीक येतो. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय करू नये, आणि शाई उरलेल्या रिफिलीने तर नाहीच.

विजेच्या वायरीचाही उपयोग आहे, पण १/४८ ला नाही. इलेक्ट्रिशियन ज्याला चौदा-शहात्तर किंवा तेवीस-शहात्तर म्हणतात त्या वायरीत १४ किंवा २३ बारीक तारा असतात आणि प्रत्येक तार इंचाच्या दहा हजारांश भागात ७६, म्हणजे ०.१९ मिलिमीटर. आपली ३६ नंबरचीच झाली. १/४८ ला ती ९ मिलिमीटर पडते, जाडच. १/३२ प्रमाणाला मात्र ६ मिलिमीटर, अगदी बेताची. १/३२ मध्ये हेच विमान ४४ सेंटिमीटरचे होईल. तेवढे मोठे करायचे असेल तर शिलाईचा एकेरी धागाही मुख्य तणाव्याला चालेल, ८ मिलिमीटर होतो. फक्त त्याची लव बसवायला मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्यावा आणि मग मऊ पेन्सिलीच्या शिशावरून फिरवावा, पोलादी झाक येते. एकच धागा एका प्रमाणात दोरखंड ठरतो आणि दुसऱ्यात नेमका बसतो. "कोणता धागा चांगला?" या प्रश्नाला म्हणूनच सुटे उत्तर नाही. १/७२ ची प्लॅस्टिकची छोटी विमाने करणाऱ्यांनी तर शिलाईच्या धाग्याकडे पाहूही नये, तिथे तो १८ मिलिमीटर होतो.

राहिली ती झडपांची बारीक तार, ०.०६ ची. ४६ नंबरची तांब्याची तार हाताळायला नाजूक, आणि सगळीकडे मिळतही नाही. इथे ताईंची मदत लागेल. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असतो. ०.०७ चा केस ४८ ने गुणला की सव्वातीन मिलिमीटरची तार. इतकी नेमकी वस्तू कुठल्या दुकानात मिळणार? खेड्यापाड्यांत आयाबाया फणीतले गुंतवळ जपून ठेवतात आणि भांडीवालीला देऊन वाटी-चमचा घेतात. त्यातलेच दोन लांब केस या कामी द्यावेत. साबणाने धुऊन तेल काढायचे, ओला असतानाच टोकाला छोटा बोल्ट बांधून रात्रभर टांगायचा. सकाळी सरळ होतो. रंग द्यायची गरज नाही. केसही ओलाव्याने लांबतो हे खरे, पण या तारा खऱ्या विमानावरही पंखांच्या तणाव्यांइतक्या ताठ नसत.

लावताना मधून बाहेर जावे, धडाजवळच्या चौकटी आधी, टोकाकडच्या नंतर. एका बाजूची तार लावली की समोरची लावावी, म्हणजे दोन्ही पंखांचे रूप सारखे राहते. जिथे मूळ विमानात तार जोडीने आहे तिथे दोन तारा एकमेकींना न चिकटता समांतर दिसल्या पाहिजेत. १/४८ ला हे जमते. १/७२ ला हात बसलेला नसेल तर एकच लावावी. दोन जाड ताऱ्यांपेक्षा एक बारीक बरी.

यजमानांना एक विचारावे. जळालेल्या मोटारीत जुन्या तारेपेक्षा एक नंबर जाड तार भरली तर काय होते? खाचेत वेढे बसत नाहीत. एक नंबर बारीक भरली तर मोटार तापते. त्यांचा सगळा धंदा या अर्ध्या-पाव दशांशावर उभा आहे. मुलगा त्यांच्याच धंद्यातला प्रश्न विचारत होता. घरात तो कोणाच्या लक्षात आला नाही इतकेच. अभ्यासाचे म्हणाल तर रविवारचे दोन तास द्यावेत, त्याहून जास्त नको. बारावी झाली की हात मोकळा सोडावा.

मुलाने शेवटी विचारले आहे, पुढचे कोणते करू? मी सॉपविथ डॉल्फिन सुचवतो. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या तुकडीत हेच विमान चालवत. ३० जून १९१८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समध्ये हँगार्ड येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. डॉल्फिनचे पंख ९.९१ मीटर, म्हणजे १/४८ ला २०.६ सेंटिमीटर आणि १/३२ ला ३१. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख पुढे असतो, याच्यात तो खालच्या पंखाच्या मागे आहे आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर येते. त्यामुळे खांब मागे झुकलेले असतात आणि तणाव्यांचे कोन डी.एच.९ए सारखे येत नाहीत. वरचा पंख चिकटवण्याआधी दोन्ही पंखांवर तारांच्या जागा सुईने टोचून ठेवाव्यात, नंतर आत सुई जात नाही.